नवरा-बायकोचे अर्धवट मेसेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांतल्या जोडप्यांशी समुपदेशक म्हणून बोलताना एक गोष्ट सतत समोर येते. पैसा, सासर, मुलांचा अभ्यास ही भांडणाची कारणं असतातच. पण या आठवड्यात ठिणगी कुठे पडली असं विचारलं की दोघांपैकी कुणीतरी फोन काढून दोन-तीन शब्दांचा एखादा मेसेज दाखवतं. तो वाचून मलाही अर्थ लागत नाही. ज्या माणसाबरोबर आपण घर चालवतो त्यालाच आपण सगळ्यांत तोकडा मेसेज पाठवतो, आणि त्याला तो कळला नाही की त्याच्या मायेवरच शंका घेतो. हे मला फार लागतं. म्हणून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहिते आहे. उदाहरणं खऱ्या गोंधळांवरून घेतली आहेत, पण कुणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

लग्नाला इतकी वर्षं झाली. माझा साधा मेसेज त्यांना आता तरी कळायला नको का?

ही अपेक्षा अगदी स्वाभाविक आहे आणि बहुतेक गैरसमज तिच्यातूनच जन्मतात. मानसशास्त्रज्ञ केनेथ सवित्स्की, बोअझ कीसार, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात जोडप्यांना आणि अनोळखी माणसांना एकमेकांकडे पाठ करून बसवलं होतं. ज्यांचे अनेक अर्थ निघतील अशी रोजची वाक्यं एकाने म्हणायची आणि दुसऱ्याने त्यामागचा हेतू ओळखायचा. आपलं बोलणं आपल्या माणसाला नक्की कळलं असणार, अशी नवरा-बायकोची खात्री होती. प्रत्यक्षात अनोळखी माणसापेक्षा जोडीदाराला ते काही जास्त कळलं नव्हतं.

याचं कारण समजण्यासारखं आहे. परक्याशी बोलताना आपण सावध असतो. रिक्षावाल्याला आपण ‘अन्नपूर्णा मंदिराच्या पुढे, डाव्या हाताला, औषधाच्या दुकानासमोर’ असं सगळं सांगतो आणि नवऱ्याला लिहितो, ‘इथेच आहे, या.’ आपल्या डोक्यात जे चाललंय ते त्यांच्याही डोक्यात असेल असं आपण धरून चालतो. मेसेज कळला नाही म्हणजे माया आटली, असा अर्थ कृपा करून काढू नका.

मी ‘पोचले’ एवढंच लिहिलं. त्यात न कळण्यासारखं काय आहे?

बाईने स्वतःबद्दल लिहिलं तर ‘पोचले’. सासऱ्यांबद्दल आदराने लिहिलं तरी ‘पोचले’. पाहुणे पोचले, पैसे पोचले, मुलाचे कागद पोचले, सगळीकडे रूप तेच. बोलताना कोणाचा विषय चालला आहे ते दोघांना माहीत असतं, म्हणून कर्ता गाळला तरी चालतं. मेसेज मात्र दुपारी लिहिला जातो आणि संध्याकाळी वाचला जातो. तोवर वाचणाऱ्याच्या मनात दुसराच विषय असतो. एका घरात बायकोने सासरे उज्जैनहून सुखरूप आल्याचं कळवलं होतं. नवऱ्याला वाटलं की ती स्वतः ऑफिसात पोचली. बाबांची काही खबर नाही म्हणून तो तासभर नातेवाइकांना फोन करत बसला. ‘बाबा पोचले’ लिहायला एकच शब्द जास्त लागला असता.

आईबद्दलही असंच होतं. बायकोने ‘आई पडल्या’ लिहिलं तर सासूबाई आणि ‘आई पडली’ लिहिलं तर माहेरची, हे क्रियापदावरून कळतं. ‘आईचा रिपोर्ट आला’ यावरून मात्र काहीच कळत नाही. काही घरांत ‘रतलामची आई’, ‘महूच्या आई’ असं म्हणायची जुनी पद्धत आहे. ती मेसेजमध्येही वापरा. निरोप तब्येतीचा असेल तेव्हा तर नक्कीच.

ती ‘बसस्टँडवर उभी आहे’ म्हणाली, मी गेलो तर ती तिथे नाहीच. चूक कोणाची?

कोणाची का असेना, इंदूरमध्ये सरवटे बसस्टँड आहे आणि गंगवालही आहे. दोन्हींमध्ये चांगलंच अंतर आहे, आणि संध्याकाळच्या गर्दीत एकीकडून दुसरीकडे जाताना माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. ‘गणपतीपाशी थांबले’ हा मेसेज त्याहून वाईट. बडा गणपती शहराच्या पश्चिमेला, खजराना गणेश पूर्वेला. ‘राजवाड्यावर आहे’ यानेही भागत नाही, कारण आपण सगळा जुना बाजार राजवाड्यातच धरतो.

जिचा दिवस मल्हारगंजात जातो तिला गणपती म्हणजे बडा गणपतीच. ज्याचं ऑफिस विजयनगरला आहे त्याच्या डोळ्यासमोर खजराना येतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून ठिकाणाचं पूर्ण नाव आणि समोर दिसणारी एक ठळक खूण, दोन्ही लिहा. व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवता येतं. लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालू ठेवता येतं; भेटण्यापुरतं पंधरा मिनिटांचं पुरे. एक विनंती आहे. जोडीदार दिवसभर कुठे कुठे जातो हे बघत राहण्यासाठी ते वापरू नका.

‘येताना पोहे आणा’ असं लिहिलं होतं. त्यांनी आणले, तरी मी चिडले. माझं चुकलं का?

तुमचं चिडणं मला समजतं. सकाळी पाहुणे बसलेले, तुम्हाला गरम पोहे-जिलबी हवी होती आणि हातात आलं किलोभर कच्च्या पोह्यांचं पाकीट. पण आपल्या शहरात या वाक्याचे दोन्ही अर्थ रोजचे आहेत. ‘चार प्लेट तयार पोहे आणि पाव किलो जिलबी’ असं लिहिलं की विषय मिटला. शेवेचंही तसंच. नुसतं ‘शेव’ लिहिलं तर दुकानदार विचारणार लौंग की रतलामी, जाड की बारीक. त्या वेळी तुमचा फोन लागला नाही तर नवरा स्वतःच्या आवडीची घेणार. सामानाच्या मेसेजमध्ये वस्तू, प्रकार आणि माप लिहा, आणि एका ओळीत एकच वस्तू ठेवा.

आम्ही मराठीच लिहितो, पण इंग्रजी अक्षरांत. त्याने एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि इंदूरमध्ये जरा जास्तच पडतो. रोमनमध्ये के, ए, एल ही तीन अक्षरं मराठी माणूस ‘काल’ वाचतो. तोच माणूस दिवसभर हिंदीत वावरत असेल तर ‘कल’ वाचतो, आणि हिंदीतला कल मागचाही असतो, पुढचाही. साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या एका मुलीने विजेच्या बिलाची तारीख ‘काल’ होती असं कळवलं. नवऱ्याने ‘कल’ वाचलं, उद्या भरू म्हणून निवांत राहिला आणि दंड वाढला. भांडण मात्र ‘तुम्हाला घराची काळजीच नाही’ यावर झालं.

तेच दळणाचं. डी, ए, एल, ए, एन ही अक्षरं सलग लिहिली तर ‘दळण’, मध्ये जागा सुटली तर ‘डाळ आण’. एक जण गिरणीतून पीठ आणणार, दुसरा किराणा दुकानात जाणार.

ही सवय लागायला कारण होतं. जुन्या एसएमएसमध्ये रोमनची १६० अक्षरं मावत आणि देवनागरीची फक्त ७०. शिवाय कित्येक फोनवर देवनागरी नीट उमटतही नसे. आता ती अडचण उरलेली नाही. मराठी कीबोर्ड फोनमध्ये असतो आणि बोलून टाइप करायचीही सोय आहे. निदान तारीख, वार, औषधाची वेळ आणि माणसांची नावं तरी देवनागरीत लिहा, एवढा माझा आग्रह आहे. देवनागरीतही ‘परवा’ला जपा. तो दोन दिवसांपूर्वीचाही असतो आणि दोन दिवसांनंतरचाही. ‘परवा, गुरुवारी’ असं लिहिलं की शंकाच राहत नाही.

तिने ‘गॅस बंद केला’ असं लिहिलं होतं. मी निर्धास्त झालो. ती म्हणते, मी तर विचारत होते!

हा प्रश्न मी सगळ्यांत गंभीर मानते. प्रत्यक्ष बोलताना आवाज चढला की प्रश्न आहे हे कळतं. मेसेजमध्ये आवाज नसतो, आणि बोलून टाइप केलं की प्रश्नचिन्हही बहुधा येत नाही. मग ‘गॅस बंद केला’, ‘दार लावलं’, ‘बाबांना गोळी दिली’ ही वाक्यं प्रश्नही असतात आणि उत्तरंही. विचारणाऱ्याला वाटतं समोरचा बघेल, वाचणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि प्रत्यक्षात कोणीच बघत नाही. रक्तदाबाची गोळी अशाने दोनदा दिली जाऊ शकते किंवा राहूनही जाऊ शकते.

उपाय आपल्या बोलीतच आहे. ‘का’ हा शब्द टाका: ‘गॅस बंद केला का?’ आणि कळवताना कर्ता लिहा: ‘गॅस मी बंद केला.’ उत्तर देणाऱ्यानेही नुसतं ‘हो’ म्हणू नये. ‘हो, बंद आहे, आत्ता बघितला’ असं लिहावं. औषध आणि गॅस या दोन बाबतींत मेसेजवर विसंबून न राहता फोन करणं केव्हाही बरं.

‘अर्ध्या तासात येतो’ म्हणतात आणि दीड तास लागतो. हे खोटं बोलणं नाही का?

कधी असेलही. पण आधी मेसेज किती वाजता पाठवला होता ते बघा. पीथमपूरहून निघणाऱ्या माणसाने ६ वाजता लिहिलेला ‘अर्ध्या तासात निघतो’ तुम्ही ६:४० ला वाचला, तर तुमचा अर्धा तास तिथून सुरू होतो. त्यात ‘निघतो’ आणि ‘येतो’ यांत वाटेतल्या राऊपासूनची सगळी गर्दी असते. घड्याळाची वेळ लिहा: ‘६:३० ला निघतोय, ७:४५ पर्यंत घरी.’ गाडी चालवताना मेसेज करू नका, त्यांनी तो करावा अशी अपेक्षाही ठेवू नका. हातात फोन धरून वाहन चालवणं हा कायद्याने गुन्हा आहे.

रेल्वेच्या बाबतीत आणखी एक. तारीख रात्री बारालाच बदलते. ११ तारखेची ००:३० ची गाडी १० तारखेच्या रात्री जेवून पकडायची असते. माहेरहून येणाऱ्या बायकोला घ्यायला स्टेशनवर एक दिवस उशिरा गेलेले नवरे मी पाहिलेत. दोन्ही तारखा लिहा.

निळ्या खुणा दिसतात, म्हणजे वाचलंय. मग उत्तर का नाही? मला दुर्लक्ष केल्यासारखं वाटतं.

एक करडी खूण म्हणजे मेसेज तुमच्याकडून गेला. दोन करड्या म्हणजे त्यांच्या फोनपर्यंत पोचला. निळ्या झाल्या म्हणजे चॅट उघडली गेली. निळ्या खुणा व्हॉट्सॲपने २०१४ च्या नोव्हेंबरात आणल्या, आणि तेव्हापासून कित्येक घरांत उत्तर न देणं हेच उत्तर मानलं जाऊ लागलं. चॅट उघडली एवढंच ती खूण सांगते. मेसेज लक्ष देऊन वाचला, की मुलाने खेळताना उघडला, की साहेब समोर आले म्हणून अर्धा सोडला, हे तिला माहीत नसतं. उलट वरच्या सूचनेतच मेसेज वाचला तर वाचूनही खुणा करड्याच राहतात.

या खुणा बंद करता येतात. मग समोरच्याच्या खुणाही आपल्याला दिसत नाहीत. ग्रुपमध्ये मात्र त्या दिसतच राहतात. सतत खुणा बघून ज्यांचं मन खालावतं त्यांनी दोघांच्या संमतीने त्या बंद कराव्यात. माझ्या अनुभवात कित्येक घरांत त्याने शांतता येते.

ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावरही जबाबदारी आहे. ‘वाचलं, कामात आहे, ७ नंतर बोलतो’ एवढं लिहायला क्षण लागतो. कारखान्यात फोन आत नेता येत नसेल तर ते घरी एकदा नीट सांगून ठेवा. बाईला दुपारभर वाट बघायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे.

‘ठीक’, ‘हं’, ‘तुझी मर्जी’, ‘काही नाही’ यांचा अर्थ काय घ्यायचा?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि याच्यावर सगळ्यांत जास्त अश्रू गळतात, म्हणून सविस्तर लिहिते.

बायको विचारते, ‘चार दिवस माहेरी जाऊन येऊ का?’ उत्तर येतं, ‘तुझी मर्जी.’ ती वाचते: याला आवडलेलं नाही, गेले तर तोंड फुगवणार. ती जात नाही. चार दिवस दोघं अबोल राहतात. नवऱ्याला विचारलं तर तो कळवळून सांगतो, ‘अहो, मी तर तिला मोकळीक दिली होती!’ तो खरं बोलत असतो. त्याच्या आवाजात हे वाक्य मोकळं होतं. तिच्या कानात ते तिच्या वडिलांच्या आवाजात उमटलं, कारण तिच्या माहेरी ‘तुझी मर्जी’ म्हणजे नकार असायचा. प्रत्येक जण आपल्या घरातले असे शब्द घेऊन संसारात येतो. मेसेजमध्ये चेहरा दिसत नाही, मग वाचणारा जुनाच चेहरा त्याला लावतो.

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये असं दाखवलं की एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर मेसेज वाचणाऱ्याला ते उत्तर कमी मनापासून दिलेलं वाटतं. तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर तसं वाटत नाही. प्रयोग इंग्रजीतला आहे, पण ‘ठीक.’ वाचून पोटात गोळा आलेल्या बायका आणि पुरुष इथेही भेटतात.

निर्णय आणि भावना वेगवेगळ्या लिहा. ‘जा, चालेल. मुलांचं मी बघतो. मला करमणार नाही, रोज फोन कर.’ यात परवानगी स्पष्ट आहे, आणि मनातलं काही झाकलेलं नाही. जाणं खरंच अडचणीचं असेल तर तेही लिहा: ‘या आठवड्यात ऑडिट आहे, पुढच्या शुक्रवारी गेलीस तर बरं.’ नकार उघड असला की त्यावर बोलता येतं. झाकलेल्या नकारावर फक्त रुसता येतं.

राग आला असेल तर ‘काही नाही’ लिहू नका. ‘मला राग आलाय, आत्ता लिहिता येत नाही, रात्री बोलू’ असं लिहिलं की समोरच्याला अंदाज करत बसावं लागत नाही.

वाचणाऱ्यासाठी: अर्थ लागत नसेल तर एकच सरळ प्रश्न विचारा. ‘म्हणजे हो समजू का?’ त्यात ‘परत सुरू झालं तुझं’ मिसळू नका. आणि दिवसभरात आलेल्या दहा कोरड्या उत्तरांपैकी बहुतेक कामाच्या गडबडीतली असतात, हे लक्षात ठेवा.

मी गंमत केली होती, तिला टोमणा वाटला. आता प्रत्येक विनोदाला हसणारा चेहरा जोडायचा का?

जोडला तर बिघडत नाही, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. जस्टिन क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात लोकांनी काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे ईमेलवर लिहिली. वाचणाऱ्याला फरक १०० पैकी ७८ वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. कळला ५६ वेळा. नुसता अंदाज केला असता तरी निम्म्या वेळा बरोबर आला असता. स्वयंपाक, वजन, माहेर आणि पगार या विषयांवरची गंमत समोरासमोरच करा.

त्यापेक्षा व्हॉइस मेसेज बरा नाही का?

भावनेसाठी बरा. आवाजातली माया पोचते. सामान, पत्ता आणि वेळ यांसाठी मात्र लिहिलेलंच बरं, कारण दुकानात उभं राहून दोन मिनिटांचा मेसेज पुन्हा पुन्हा ऐकणं कठीण असतं. आणि जोडीदार चारचौघांत असताना घरचा विषय आवाजात पाठवू नका.

चुकून भलतंच लिहिलं गेलं तर?

व्हॉट्सॲपवर पाठवल्यानंतर १५ मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो. दुरुस्त केल्याची नोंद त्यावर दिसते. पुसून टाकण्यापेक्षा मी दुरुस्तीचा सल्ला देते. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढंच दिसलं की काय लिहिलं होतं याची कल्पना मूळ मेसेजपेक्षाही वाईट होते. वेळ निघून गेली असेल तर सरळ लिहा, ‘वरचं चुकीचं आहे, पाच नाही, सात वाजता.’

सासूबाई विचारतात म्हणून मी मेसेज करते, आणि हे माझ्यावर चिडतात. काय करू?

‘कधी येणार?’ याऐवजी ‘आई विचारतायत, जेवायला थांबायचं का?’ असं लिहा. निरोप कोणाचा आहे ते कळलं की निम्मा राग उतरतो. आणि मुलाने स्वतःच्या आईला थेट फोन करावा. बायकोला दोन बाजूंचा टपालवाला करू नये.

आम्ही रात्री एका घरात, दोन खोल्यांत बसून मेसेजवर भांडतो. हे योग्य आहे का?

नाही. पैशाचा हिशेब किंवा ठरलेल्या गोष्टींची नोंद लिहून ठेवा, पण मन दुखावल्याची गोष्ट लिहून मिटत नाही. एकाचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याने तीन मेसेज पाठवलेले असतात, मग कोणतं उत्तर कोणत्या वाक्याला हेच कळेनासं होतं. समोर बोलायला अवघड जात असेल तर चालायला बाहेर पडा. शेजारी शेजारी चालताना कित्येकांना बोलणं सोपं जातं.

जोडीदाराच्या मेसेजचे स्क्रीनशॉट बहिणीला, मित्राला किंवा माहेरच्या ग्रुपवर पाठवणंही थांबवा. तुमचं भांडण दोन दिवसांत मिटेल. त्यांच्या मनातून ते वर्षानुवर्षं जाणार नाही.

तो माझे सगळे मेसेज तपासतो, उत्तराला उशीर झाला तर धमकावतो. मी अधिक स्पष्ट लिहू का?

नाही, ताई. ही अस्पष्ट मेसेजची अडचण नाही. कितीही स्पष्ट लिहिलं तरी ज्याला नियंत्रण ठेवायचं आहे तो नवं कारण शोधतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाचार मानतो. महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा, तातडीचा धोका असेल तर ११२. अशा वेळी मेसेज पुसू नका. सुरक्षित असेल तर त्यांची प्रत विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. मन फार खचलं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलता येतं. पुरुषांनाही असा त्रास होतो. त्यांनीही संकोच न करता हा नंबर लावावा.

दवाखान्यातून घरी कळवायचं असेल तर कसं लिहावं?

आधी फोन करा. लागला नाही तरच मेसेज. ‘लवकर या, आई ॲडमिट’ एवढं लिहून फोन खिशात टाकला की वाचणारा जिवाच्या आकांताने गाडी पळवतो. म्हणून पहिल्या ओळीत माणूस आणि त्याची स्थिती लिहा, मग ठिकाण, मग काय आणायचं: ‘तुमच्या आई शुद्धीवर आहेत, बोलतायत. पाय घसरून पडल्या, मनगटाचा एक्स-रे चालू आहे. एमवाय हॉस्पिटल, कॅज्युअल्टी. त्यांची औषधांची पिशवी आणि आधार कार्ड आणा. गाडी सावकाश चालवा, मी इथेच आहे.’ बॅटरी कमी असेल तर शेजारी असलेल्या नातेवाइकाचा नंबरही त्याच मेसेजमध्ये द्या, आणि स्थिती बदलली की लगेच दुसरा मेसेज करा.